सतरावी घंटी

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझे भाऊजी, एकतीस वर्षं एका वर्तमानपत्राच्या कचेरीत छोट्या जाहिरातींच्या खिडकीमागे बसले. सगळे त्यांना खिडकीवाले म्हणत. खिडकीला काच होती, काचेखाली हात जाईल एवढी फट, फटीच्या अलीकडे एक पितळी घंटी आणि दोरीनं बांधलेलं पेन. ते पेन कुणी पळवू नये म्हणून बांधलं होतं, आणि तरीही वर्षातून दोनदा दोरी तेवढी उरायची.

त्याच कचेरीत वरच्या मजल्यावर मी मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, असं सुखाचं काम. मी राहते ताईकडेच, आणि ती सवय घरीही सुटली नाही, म्हणून माझं लग्न झालं नाही, असं ताई म्हणते. मी म्हणते, झालं असतं तर चूक पहिल्याच पानावर सापडली असती. भाऊजी मला ‘चुकाबाई’ म्हणायचे. आजही म्हणतात.

खिडकीवर त्यांचा एक नियम होता. कुणी जुनं कपाट विकायला आलं आणि कागदावर ‘उत्तम स्थितीत’ असं लिहून दिलं, की ते चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, “उत्तम आहे तर विकता कशाला?” माणूस अडखळायचा. मग हळूच सांगायचा, की एक दार नीट लागत नाही. “तेच आधी लिहा,” भाऊजी म्हणायचे. “दोष आधी. दोष वाचूनही जो येतो, तोच घेऊन जातो. बाकीचे नुसते जिने झिजवतात.” लोक कुरकुरायचे, पण लिहायचे. आमच्या पेपरातल्या छोट्या जाहिराती त्यामुळे जरा विचित्र दिसत. ‘सायकल. ब्रेक लागत नाही. बाकी सरळ चालते.’ अशा वाचायला मजा यायची.

त्यांच्या मुलानं हे लहानपणीच उचललं. माझा एकुलता भाचा. दहा वर्षांचा असताना त्यानं घरातल्या जेवणाच्या टेबलाची जाहिरात लिहून भिंतीला चिकटवली होती: ‘टेबल. एक पाय आखूड. खाली पुस्तक ठेवलं की डुलत नाही. पुस्तक मिळणार नाही.’ भाऊजींनी तो कागद कितीतरी वर्षं पाकिटात ठेवला होता. बापाला मुलाचं कौतुक किती होतं ते मला ठाऊक आहे, म्हणूनच पुढचं सांगताना मला राग आवरत नाही.

मुलाचे हात चांगले होते. बंद पडलेली कुठलीही वस्तू दिसली की तो उघडायचा. पंखे, रेडिओ, घड्याळं, मिक्सर. उघडायचा, दोष शोधून काढायचा, आणि दोष सापडला की त्याचं मन उडायचं. परत बंद करायचं राहून जायचं. विशीनंतर तो ओळखीपाळखीच्या लोकांकडून वस्तू दुरुस्तीला आणायला लागला, आणि घर उघड्या पोटाच्या यंत्रांनी भरून गेलं. त्या वस्तूंचे मालक मुलाला सापडायचे नाहीत. खिडकी मात्र सगळ्यांना सापडायची. तिथं येऊन ते रांगेतच भाऊजींना बोलायचे. एकदा एका शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. शाळेचा टेपरेकॉर्डर सात महिने आमच्या घरी होता. त्या ओरडल्या नाहीत. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा शांत आवाजात त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं लोकांना खरं लिहायला लावता. स्वतःच्या मुलाबद्दलही लिहा की एकदा.”

त्याच दिवशी भाऊजींनी लिहिलं.

अशा नोटिसा त्यांनी खिडकीतून शेकड्यांनी घेतल्या होत्या. चिडलेले बाप, भांडलेले भाऊ, सगळे तिथंच यायचे. अशा माणसाला भाऊजी नेहमी सांगायचे, “आज जा. उद्या या. उद्याही वाटलं तर घेतो.” निम्मे लोक उद्या येत नसत. त्या दिवशी खिडकीच्या आत दुसरं कुणी नव्हतं, आणि ‘उद्या या’ म्हणायला बाहेरही कुणी नव्हतं. नोटीस अशी होती: ‘माझा मुलगा माझ्या सांगण्यात नाही. त्याच्याकडे कोणीही दुरुस्तीसाठी वस्तू देऊ नये. दिल्यास त्यास मी जबाबदार राहणार नाही.’ वर मुलाचं पूर्ण नाव, खाली स्वतःचं.

संध्याकाळी त्या पानाचं प्रूफ माझ्या टेबलावर आलं. मी ते वाचलं. नाव वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. खाली जाऊन भाऊजींना हाताला धरून विचारायला हवं होतं. मला वाटलं, बापलेकांच्या मधे आपण कशाला पडा. नोटिशीत एक स्वल्पविराम चुकीच्या जागी होता. तो मी दुरुस्त केला आणि पान पुढे पाठवलं. आयुष्यात हजारो चुका धरल्या, आणि जी धरायची ती स्वच्छ करून छापायला दिली.

सकाळी मुलानं पेपर वाचला. दोन दिवसांत त्यानं सगळी यंत्रं जोडून, बंद करून, ज्याची त्याला पोचवली. टेपरेकॉर्डरसुद्धा. तिसऱ्या दिवशी एक पिशवी घेऊन तो गेला. तेवीस वर्षांचा होता. दोन महिन्यांनी ताईला त्याचा एक फोन आला. “मी लांब आहे. बरा आहे. शोधू नका.” मागे जहाजाचा भोंगा ऐकू आला, असं ताई सांगते. त्यानंतर काही नाही. नंबर बदलला, मित्र पांगले.

ताईनं त्या दिवसापासून नवऱ्याशी अबोला धरला नाही. त्याहून वाईट केलं. ती सगळं बोलायची, मुलाचा विषय सोडून. आणि आमचा पेपर तिनं पुन्हा कधी वाचला नाही. रद्दीत ठेवतानाही छापील बाजू खाली करून ठेवायची.

पुढे पाचेक वर्षांनी छोट्या जाहिराती पेपरातून उठल्या आणि इंटरनेटवर गेल्या. खिडकीला फळी ठोकली, भाऊजींना पुष्पगुच्छ दिला, मलाही त्याच वर्षी एक दिला. कचेरीतल्या कॉम्प्युटरवाल्या पोराला भाऊजींबद्दल माया होती. भाऊजींनी त्याला विचारलं, “आता जाहिराती कुठे छापतात ते दाखव.” त्यानं चार-पाच साइट दाखवल्या. भाऊजी बघत बसले. तिथं मिनिटाला शंभर जाहिराती पडत होत्या आणि एकीतही दोष नव्हता. सगळं उत्तम, जवळजवळ नवं. “इथं कुणी खिडकीत बसत नाही वाटतं,” ते म्हणाले.

मग त्यांनी तो उद्योग सुरू केला. वयाच्या साठाव्या वर्षी, जाड वही घेऊन, त्या पोराच्या डोक्याला वात आणत, ते प्रोग्राम लिहायला शिकले. त्यांना एवढंच हवं होतं: कॉम्प्युटरनं दर दहा मिनिटांनी जाऊन जाहिरातींच्या साइट बघायच्या, कालपर्यंत नव्हती अशी नवी जाहिरात दिसली तर ती नियमांना लावून बघायची, आणि जुळली तर फोनवर घंटी वाजवायची. एकदा बघितलेल्या जाहिरातीचा नंबर आणि मजकूर साठवून ठेवायचा, म्हणजे तीच पुन्हा वाजणार नाही. पहिल्या उत्साहात त्यांनी दहा मिनिटांऐवजी दहा सेकंद ठेवले होते. एका साइटनं त्यांना आठवडाभर दारातच अडवलं. “बरोबर आहे त्यांचं,” भाऊजी म्हणाले. “खिडकीवर एकच माणूस दर दहा सेकंदांनी आला असता, तर मीही हाकललं असतं.” घंटीचा आवाज त्यांनी त्या जुन्या पितळी घंटीचा भरला होता. फळी ठोकली त्या दिवशी तेवढी एक वस्तू ते खिशात घालून घेऊन आले होते.

पहिली घंटी बेकरीवाल्यासाठी. त्याचं कणीक मळायचं यंत्र मोडलं होतं आणि त्या कंपनीचं यंत्र बनणं बंद झालं होतं. अकराव्या दिवशी घंटी वाजली, बेकरीवाला टेम्पो घेऊन सुटला. दुसरी घंटी समोरच्या नर्ससाठी. तिच्या आईला जिना चढवत नव्हता, तळमजल्याची खोली हवी होती, आणि अशा खोल्या जाहिरात पडल्यावर तासाभरात जायच्या. नर्स ड्यूटीवर असायची, म्हणून घंटी वाजली की भाऊजीच चपला घालून खोली बघायला पळायचे. असं करत करत सोळा झाल्या. एकाकडूनही काही घेतलं नाही. घेतलं असतं तर नोकरी वाटली असती, म्हणायचे.

सतरावी घंटी कोणाची, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. ती दिवसातून वीस-वीस वेळा वाजायची. मी एकदा चिडून म्हटलं, “या सतराव्याला हवंय तरी काय? अख्खा बाजार?”

“माझी आहे ती,” भाऊजी म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. मुलगा जिथं कुठं असेल तिथं वस्तू उघडत असेल. उघडलेल्या वस्तू कधीतरी विकत असेल. आणि विकत असेल तर जाहिरात लिहीत असेल, आणि ती लिहायला त्याला कुणी शिकवलंय? म्हणून त्यांनी दोषांच्या शब्दांची यादी केली होती. मोडका, सैल, गळतो, घरघर, आखूड, चरा, अडकतो. असे दोनशेवर शब्द. जाहिरातीच्या पहिल्या सहा शब्दांत यातला एखादा आला, की सतरावी घंटी वाजायची. सुतावरून स्वर्ग गाठायचा म्हणतात तो हा. पण एकतीस वर्षांत ज्यानं लाखभर जाहिराती वाचल्या, त्याला हसायची माझी छाती झाली नाही.

चार वर्षं ते प्रत्येक जाहिरात वाचत होते. “हा नव्हे,” ते म्हणायचे. “हा दोष सांगून लगेच माफी मागतो. आमचा मागत नाही.” किंवा, “हा दोष सांगतो, पण खोटा. गिऱ्हाइकाची दया यावी म्हणून.” ताई शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालत असायची. ती कधी काही विचारायची नाही. पण घंटी वाजली की तिचे हात थांबायचे आणि भाऊजी ‘हा नव्हे’ म्हणाले की परत चालू व्हायचे. हे मी चार वर्षं बघितलं. असं एका घरात दोन माणसांनी वाट बघणं फार वाईट.

यंदा भाऊजींच्या दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू एकापाठोपाठ काढला. काळा चष्मा आला, आणि डॉक्टरांनी पंधरा दिवस स्क्रीन बंद केला. घंट्या कोण सांभाळणार? “चुकाबाई आहेत की,” ते म्हणाले आणि माझ्या हातात एक फाइल दिली. सगळे नियम त्यांनी कागदावर छापून ठेवले होते. कॉम्प्युटरवर त्यांचा विश्वास होता, पण कागदाएवढा नाही.

मला कागद दिला की माझा हात पेन्सिलीकडे जातो. दुपारची वेळ होती. भाऊजी आरामखुर्चीत, ताई खाली बसून घड्या घालतेय, आणि मी नियम वाचतेय. सतराव्या नियमाचं पान आलं. दोषांचे शब्द, सहा शब्दांची अट, साइटची यादी. अगदी खाली एक ओळ होती. मी ती दोनदा वाचली.

“भाऊजी, इथं ‘आपलं शहर वगळा’ असं का लिहिलंय?”

“कुठे?”

“सतराव्यात. बाकी सोळांत नाही.”

त्यांना आठवायला थोडा वेळ लागला. मग ते सावकाश सांगायला लागले. सतरावी घंटी बनवली तेव्हा ती वाजते का ते बघायला त्यांनी स्वतःच चार खोट्या जाहिराती टाकल्या होत्या. इथल्याच. पहिली समोर दिसली त्या वस्तूची, घरातल्या लाकडी शिडीची. फोटो काढून टाकला. घंटी वाजली. पण त्या जाहिराती त्यांनीच लिहिलेल्या, म्हणजे दोष आधी. त्यामुळे काहीही बदल करून बघितला की सतरावी घंटी त्यांच्याच जाहिरातींवर वाजायची. वैतागून त्यांनी ती ओळ घातली. तात्पुरती.

“आणि काढायची राहिली,” मी म्हटलं.

“तो लांब होता ना,” ते म्हणाले. “त्याला शोधायला इथं कशाला बघायचं, असं...”

मी कॉम्प्युटरवरची ती ओळ काढली. कॉम्प्युटरनं साठवलेल्या जुन्या जाहिराती पहिल्यापासून चाळायला घेतल्या. मिनिटभर काही झालं नाही. मग घंटी वाजली. पुन्हा वाजली. आणि वाजतच राहिली. ताईच्या मांडीवर एक टॉवेल अर्धवट घडी घालून तसाच होता.

“वाचा,” भाऊजी म्हणाले. काळ्या चष्म्याआडून ते भिंतीकडे बघत होते.

मी वाचत गेले. सहावी की सातवी होती. “‘टेबलफॅन. तीन नंबरला घरघरतो. दोन नंबर पुरतो.’”

भाऊजींनी खुर्चीचा हात धरला. “त्याच माणसाच्या अजून?”

होत्या. चार वर्षांत एक्केचाळीस. ‘भिंतीवरचं घड्याळ. टोले एक जास्त देतं. सवय होते.’ ‘इस्त्री. दांडा करपलेला. गरम छान होते.’ नाव नव्हतं, एका दुरुस्तीच्या दुकानाचा पत्ता होता. बसनं इथून चाळीस मिनिटं.

“काखेत कळसा,” ताई म्हणाली. पुढचं म्हणाली नाही.

मला तेव्हाच ती दुसरी शंका आली. चुका एकट्या येत नाहीत, हे मला धंद्यानं शिकवलंय. “भाऊजी, त्या खोट्या जाहिरातींचं काय केलंत? लोकांनी विचारलं असेल की, शिडी आहे का म्हणून.”

“विचारायचे ना. आणि कुणाला उत्तराशिवाय परत पाठवणं मला जमत नाही. म्हणून आपोआप उत्तर जाईल असं लावून दिलं होतं. महिन्यानं जाहिराती काढल्या.” मग हळू आवाजात, “निरोप मी वाचले नाहीत. शिडीचेच असणार.”

त्या खात्याचा पासवर्ड फाइलमध्ये होता. मी उघडलं. अडतीस निरोप. अजून आहे का, पोचवाल का, शेवटची किंमत सांगा. तेविसावा निरोप लांब होता. मी तो आधी मनात वाचला, आणि मला तो मोठ्यानं वाचायचा नव्हता.

“चुकाबाई, वाचा.”

“‘ही शिडी मी ओळखतो. तिसऱ्या पायरीला तार मी बांधलीय. बाबा, मी वर्षभर झालं याच शहरात परत आलोय. दुकान टाकलंय. आता घेतलेली वस्तू परत देतो. घरी येऊ का?’”

ताई उठून उभी राहिली होती.

“त्याच्याखाली काय आहे?” भाऊजींनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं. त्यांनीच लिहिलं होतं. तरी त्यांनी मला ते वाचायला लावलं.

“‘वस्तू दिली गेली आहे. कृपया येऊ नये व पुन्हा चौकशी करू नये.’ त्याच मिनिटाला गेलंय.”

“आणि मग?”

“मग काही नाही.”

अकरा वर्षांत पहिल्यांदा ताई त्या विषयावर बोलली. आवाज चढवला नाही. “एकदा छापून घालवलात,” ती म्हणाली, “आणि एकदा न वाचता.”

भाऊजी म्हणाले, “हो.” एवढंच. काळ्या चष्म्याखालून पाणी गालावर आलं, ते त्यांनी पुसलंही नाही, कारण डॉक्टरांनी डोळ्यांना हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. माणूस रडतानाही नियम पाळतो, हे बघून मला त्यांचा संताप आला आणि त्यांची दयाही आली.

एक्केचाळिसावी जाहिरात सहा दिवसांपूर्वीची होती. ‘दुकानातलं सगळं सामान. निम्मं उघडलेलं. महिनाअखेर शहर सोडतो आहे.’ महिना संपायला दोन दिवस होते.

“फोन करू? की लिहू?” मी विचारलं.

“लिहिलेलं बास झालं,” भाऊजी म्हणाले. “जायचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. धुळीत जाऊ नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, ते मी सांगून बघितलं. पालथ्या घड्यावर पाणी. बसमध्ये तिघं तीन सीटवर बसलो. उतरलो तर रस्त्यापलीकडेच दुकान होतं. ताई स्टॉपच्या बाकावर बसली. म्हणाली, “आधी तुम्ही बोला. तुमचं आहे ते. त्यानं मला बघायचं म्हटलं तर मी इथं आहे.” अकरा वर्षं ज्या मुलासाठी तिचे हात थांबत होते, तो पन्नास पावलांवर होता, आणि ती बसून राहिली. मला तिच्याएवढं धैर्य झालं नसतं.

भाऊजींना धरून मी रस्ता ओलांडला. दुकानाला पुढे जाळी होती आणि जाळीत वस्तू द्यायघ्यायला एक चौकोनी खिडकी. आत माझा भाचा एका मोटरवर वाकला होता. केस कानांवर पांढरे झाले होते. त्यानं वर न बघता म्हटलं, “दुकान बंद करतोय. दुरुस्ती घेत नाही आता.”

“दुरुस्तीला नाही आलो,” भाऊजी म्हणाले.

त्याच्या हातातला पाना थांबला.

“शिडी दिलेली नाही. घरीच आहे. तिसऱ्या पायरीला तुझीच तार आहे.” भाऊजी खिडकीच्या कडेला दोन्ही हात टेकून बोलत होते. लोक त्यांच्यासमोर असेच उभे राहायचे. “तुझा निरोप मला काल कळला. चार वर्षांनी. ते उत्तर मी दिलं नव्हतं. यंत्रानं दिलं. लावलेलं होतं.”

तो उठून जाळीजवळ आला. बापाच्या काळ्या चष्म्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “आणि नोटीस? तीही यंत्रानंच छापली?”

इथं बोलायला खूप काही होतं. लोक रांगेत येऊन बोलत होते, त्या मुख्याध्यापिका टोचून बोलल्या, एका दिवसाचा राग होता. ते सगळं खरंही होतं. मी त्यांच्या जागी असते तर मी तेच सांगितलं असतं.

“नाही,” भाऊजी म्हणाले. “ती मी. माझ्या हातानं लिहिली, शब्द मोजले, आणि छापायला दिली. दुसऱ्याला उद्या या म्हटलं असतं. तुझ्यासाठी एक दिवस थांबलो नाही.”

“आणि मी तपासली,” मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. “माहीत आहे, मावशी. एकही चूक नव्हती.”

मागून एक बस गेली.

“आई?” त्यानं विचारलं.

“समोर. स्टॉपवर.”

तो बाजूच्या दारानं बाहेर आला. आमच्याजवळून गेला, बापाकडे न बघता, फडक्याला हात पुसत. रस्ता ओलांडताना त्यानं डावीकडे-उजवीकडेही बघितलं नाही, आणि मी ओरडणार होते.

“काय करतोय?” भाऊजींनी विचारलं. त्यांना रस्त्यापलीकडचं दिसत नव्हतं.

“तिच्यासमोर खाली बसलाय.”

“बोलतोय?”

“नाही. ताईनं त्याचे हात धरलेत.”

“काळे असतील.”

“आहेत. तिनं तसेच तोंडाला लावलेत.”

ते जाळीकडे तोंड करून उभे राहिले. मी म्हटलं, चला, आपणही जाऊ. त्यांनी मान हलवली. “मला बोलावलेलं नाही. आणि दुकान उघडं टाकून गेलाय तो. कुणीतरी थांबायला हवं.”

तेवढ्यात पिशवी घेतलेल्या एक बाई आल्या. रिकाम्या दुकानात डोकावून त्या घाबऱ्याघुबऱ्या म्हणाल्या, “गेले का हो ते सोडून? माझा रेडिओ आहे आत. आज देतो म्हणाले होते.”

भाऊजी सरळ झाले. “गेला नाही. येईल.”

“नक्की ना? तुम्ही कोण त्यांचे?”

“वडील,” भाऊजी म्हणाले. “वेळ लागेल, ते आधीच सांगतो. पण रेडिओ मिळेल. जबाबदारी माझी.”

बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि त्या त्यांच्या मागे रांगेत उभ्या राहिल्या.